धोकटी ते ट्रॉली : सलूनमधल्या चाकांच्या सामानाचा विचार



साहित्याच्या व्यासपीठावरून सलूनमधल्या ट्रॉलीविषयी आणि चाकांच्या स्टुलाविषयी बोलायचे म्हणजे जरा वेगळे वाटेल. पण संत सेना महाराजांनी आपल्या व्यवसायातली उपकरणेच अभंगात रूपक म्हणून वापरली आहेत. तेव्हा हा विषय आपल्या साहित्याच्या उंबऱ्याबाहेरचा आहे असे म्हणता येणार नाही. आज मी रूपक बाजूला ठेवून त्या उपकरणांकडेच पाहणार आहे.

गावगाड्यातल्या बलुतेदारांत न्हाव्याचे दुकान नव्हते. त्याची धोकटी होती. वस्तरा, कातर, फणी, नराणी, चिमटा, वाटी, आरसा आणि वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा एवढे सगळे त्या चामडी पिशवीत मावे. काम पारावर, ओसरीवर किंवा गिऱ्हाइकाच्या अंगणात चाले. काम झाले की अंगावरचे कापड झटकायचे, वस्तरा पुसायचा, धोकटी खांद्याला लावायची. अंगणातले केस झाडणीने एका दिशेला जात. निर्जंतुक वगैरे शब्द तेव्हा नव्हते, आणि एकच वस्तरा अनेकांना लागे, हा दोष होताच. पण केस अडकून राहतील अशी जागा त्या सरंजामात फारशी नव्हती.

पुढे शहरात दुकान आले. पाटीवर ‘केशकर्तनालय’, तोंडी मात्र सलून. भिंतीला आरसे लागले, वरखाली होणारी जड खुर्ची आली. आता केस रंगवणे, धुणे, सरळ करणे ही कामे वाढली, तशी सामानाची संख्याही वाढली. एका डोक्याला रंग लावायचा तर वाट्या, ब्रश, चिमटे, कागदी पट्ट्या, हातमोजे, टॉवेल, नळ्या असे दहा-पंधरा जिन्नस हाताशी लागतात. गिऱ्हाईक एका जागी बसलेले, कारागीर त्याच्याभोवती फिरणारा. म्हणून सामानही फिरते हवे. त्यातून खणांची ट्रॉली आली, आणि दिवसभर उभे राहून कंबर व पोटऱ्या दुखतात म्हणून चाकांचे स्टूल आले. धोकटीचे काम आता ट्रॉली करते. फक्त ती खांद्यावर नसून फरशीवर आहे. आणि फरशीवर केस आहेत. अडचण इथूनच सुरू होते.

केस दिसायला क्षुल्लक, पण यंत्राचा जुना वैरी. त्याची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर, म्हणजे तो कुठल्याही फटीत शिरतो. एकटा केस सुमारे १०० ग्रॅम वजन पेलतो, म्हणजे तो सहज तुटत नाही. ओला असताना तो ताणतो आणि वाळला की पुन्हा आखडतो. चाकाभोवती ओला केस गुंडाळला गेला तर वाळल्यावर तो आणखी घट्ट बसतो. त्यात फवाऱ्याचा चिकटपणा, तेल आणि पावडर मिसळली की केसांचा चक्क नमदा तयार होतो.

आता या छोट्या चाकाची रचना पाहू. बाजारात याला कॅस्टर म्हणतात. चाक, चाकाच्या मधून जाणारा आस, आसाला दोन्ही बाजूंनी धरणारा पोलादी चिमटा आणि तो चिमटा गोल फिरावा म्हणून वर उभी खीळ. नीट पाहिले तर ही उभी खीळ चाकाच्या बरोबर मध्यावर नसते, थोडी पुढे असते. म्हणून आपण ट्रॉली ढकलली की चाक आपोआप मागे वळून सरळ चालू लागते, गाईमागे वासरू जावे तसे. हे वळणे आणि फिरणे दोन्ही मोकळे असेल तरच ट्रॉली एका बोटाने हलते.

केस नेमके इथेच घुसतात. फिरणारे चाक फरशीवरचा केस उचलते. केसाचे एक टोक चाकाला चिकटते, दुसरे चिमट्याला घासते आणि चाक फिरेल तसा केस आसाकडे सरकत जातो. चाक आणि चिमटा यांमधल्या फटीत तो एकदा गेला की चरखीवर दोरा गुंडाळावा तसा गुंडाळतच राहतो. काही आठवड्यांत आस जखडतो. मग चाक फिरत नाही, घासत जाते. घासून त्याचा एक भाग सपाट होतो, ट्रॉली खडखडते आणि फरशीवर काळे पट्टे उमटतात. दुकान बंद झाल्यावर ट्रॉली उलटी करून जुन्या ब्लेडने चाकातले केस कापत बसलेला मुलगा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ते काम त्याच्या पगारात धरलेले नसते आणि ट्रॉली बनवणाऱ्याच्या हिशेबातही नसते.

यावरचा एक उपाय सलूनपेक्षा जुना आहे आणि तो आपल्या ओळखीच्या जागेतला आहे. इंदुरात मालवा मिल, हुकुमचंद मिल ही नावे ऐकत वाढलेली घरे आपल्यात पुष्कळ आहेत. कापड गिरणीत बॉबिनी आणि कापड वाहणाऱ्या हातगाड्या असत, आणि गिरणीच्या जमिनीवर केसांऐवजी सुताचे तुकडे पडलेले असत. सूतही चाकाच्या आसाशी हेच करते. म्हणून गिरणीसाठीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी, आस आणि चिमटा यांच्या मधली फट झाकणाऱ्या बशीसारख्या पातळ तबकड्या लावतात. कारखानदार त्यांना थ्रेड गार्ड म्हणतात. धागा तबकडीच्या कडेवरच अडतो, आसापर्यंत पोचत नाही. तीच तबकडी केसालाही चालते. सलूनसाठी ट्रॉली घेताना हा एक प्रश्न विचारला तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

दुसरा उपाय चाकाच्या मापात आहे. ५० मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे १५७ मिलिमीटर जाते. ७५ मिलिमीटरचे सुमारे २३६. म्हणजे १० मीटर अंतरात लहान चाकाला ६४ फेरे लागतात, मोठ्याला ४२. फेरे कमी म्हणजे गुंडाळणेही कमी. शिवाय मोठ्या चाकाचा आस जमिनीपासून दीडपट उंच असतो, आणि फरशीच्या सांध्यावरून किंवा वायरीवरून ते सहज चढते. चाकाचा बाहेरचा थरही जागेप्रमाणे निवडायचा असतो. सलूनची जमीन लादीची असते. तिथे रबरासारखा मऊ थर हवा. टणक चाके गालिच्यासाठी. लादीवर ती घसरतात आणि आवाज करतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : चाक निघते का? कितीही तबकड्या लावल्या तरी थोडे केस आत जाणारच. ज्या चाकावर शोभेसाठी गोल टोपी बसवलेली असते, तिच्या पोटात काय साचले आहे ते दिसत नाही आणि तिथे बोटही जात नाही. उलट उघड्या चिमट्यातले चाक दिसते, आणि आसाचा स्क्रू साध्या पान्याने निघत असेल तर चाक बाहेर काढून, पुसून, पुन्हा बसवता येते. नुसत्या दाबाने निघणारी चाके असतील तर उत्तमच. घाण दिसली पाहिजे, हाताशी आली पाहिजे आणि तिथे पोचायला कारागीर बोलवावा लागू नये. चांगली रचना ओळखायला एवढ्या तीन कसोट्या पुरतात.

चाकांवरून वर येऊ. चाकांच्या स्टुलाला पाच पाय का, चार का नाहीत, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. माणूस स्टुलावर एका बाजूला झुकला की शेजारच्या दोन पायांना जोडणाऱ्या रेषेवरून स्टूल कलंडते. पाय मध्यापासून ३० सेंटिमीटर लांब असतील तर चार पायांत ही रेषा मध्यापासून सुमारे २१ सेंटिमीटरवर असते, पाच पायांत सुमारे २४. हे तीन सेंटिमीटर कानामागचे केस कापायला वाकलेल्या माणसाला सावरतात. पण पाय वाढले की चाके वाढली आणि साफ करायच्या जागाही वाढल्या. म्हणून पायांचा वरचा भाग उतरता आणि गुळगुळीत हवा, केस त्यावर बसू नयेत, घसरून खाली पडावेत. नक्षी, खाचा आणि पोकळ नळीची उघडी तोंडे तिथे नकोत.

फटींविषयी एक साधा नियम सांगतो. फट एक तर नसावीच, नाही तर बोट आणि फडके आत जाईल एवढी मोठी असावी. केसापेक्षा रुंद आणि बोटापेक्षा अरुंद अशी फट सगळ्यांत वाईट. ट्रॉलीच्या खणाचे कोपरे काटकोनी असतील तर तिथे अशी फट तयार होते. एकाच पत्र्यातून दाबून काढलेला, गोलाईच्या कोपऱ्यांचा खण असेल तर ओल्या फडक्याचा एक हात पुरतो. स्वयंपाकघरात परातीचा काठ आणि चौकोनी डब्याचा कोपरा घासून ज्यांचे हात झिजले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हाच न्याय स्टुलाच्या बैठकीला. बटणे टाचलेली, चुण्या घातलेली रेक्झिनची गादी दुकानात शोभते. पण प्रत्येक बटणाच्या खळग्यात केसांचे घरटे होते. शिवण वर न घेता कडेला खाली घेतली की वरचा भाग सलग राहतो.

मग पदार्थाची निवड. केसांच्या काळ्या रंगात बहुधा एक रंगहीन रसायन असते. हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग झाला की केसाच्या आत त्याचे मोठे, रंगीत रेणू बनतात आणि ते बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून रंग टिकतो. ओरखडे पडलेल्या प्लास्टिकच्या खणातही तेच घडते, म्हणून तो डाग नंतर घासून जात नाही. ओला असतानाच पुसायला हवा. नखांचा रंग काढणाऱ्या अॅसिटोनने काही प्लास्टिके विरघळतात. पॉलिप्रॉपिलीन मात्र टिकते. स्टेनलेस स्टील सर्वांत सोयीचे, पण ब्लीचचे पाणी त्यावर तसेच वाळू दिले तर त्यालाही बारीक खड्डे पडतात. ब्लीच वापरल्यावर स्वच्छ पाण्याने पुसणे हाच उपाय.

साफ करणे आणि जंतू मारणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांचा क्रम चुकवून चालत नाही. आधी केस झटकायचे, मग साबणाच्या पाण्याने तेल-चिकटा काढायचा, शेवटी जंतुनाशक लावून डब्यावर लिहिली असेल तेवढा वेळ ते ओले राहू द्यायचे. चिकट थरावर जंतुनाशक फवारले तर ते वरच्यावर राहते. हे सांगायचे कारण गंभीर आहे. कावीळ ब या रोगाचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. वस्तऱ्याचे पाते आता दर गिऱ्हाइकाला नवे लागते, ही मोठी सुधारणा. पण वापरलेले पाते ट्रॉलीच्या ज्या खणात पडते, त्याच खणात फणी ठेवली तर त्या सुधारणेचा अर्धा उपयोग गेला. म्हणून पात्यांसाठी झाकणाचा, वेगळा, अख्खा उचलून नेता येईल असा डबा ट्रॉलीच्या रचनेतच असला पाहिजे.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तिच्यामागे हा अहवाल होता. त्यात त्यांनी भारतातल्या वस्तूंपैकी आपल्या साध्या लोट्याचे मनापासून कौतुक केले आहे. लोटा घडताना पिढ्यान् पिढ्या कशाकशाचा विचार झाला असेल याची त्यांनी यादी दिली आहे. आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाचा विचार घासण्याच्या आणि स्पर्शाच्या दृष्टीने, हेही त्या यादीत आहे. लोट्याच्या तोंडात हात जातो ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरली आहे की तिला रचना म्हणावे हेही आपल्याला सुचत नाही. ज्या घरात लोटा वापरला जाई त्याच घरात तो घासला जाई, म्हणून घासणाऱ्या हाताचे म्हणणे त्याच्या आकारात उतरले.

ट्रॉली निवडणारा मालक, बनवणारा कारखानदार आणि साफ करणारा मुलगा ही आज तीन वेगळी माणसे आहेत. निवड पहिल्याची, नफा दुसऱ्याचा, ब्लेड तिसऱ्याच्या हातात. पूर्वी तर केसांशी संबंध येणारे कामच हलके मानून एका समाजावर ढकलले गेले होते. त्या कामाची घाण वस्तूच्या रचनेने कमी करता येईल, हा विचारच कोणाला करावासा वाटला नाही. आज तो करणे आपल्या हाती आहे. आपल्या कुटुंबांत कोणी फर्निचरच्या व्यवसायात असेल, कोणाची मुलगी डिझाइन शिकत असेल, कोणी पार्लर चालवत असेल. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : नमुना तयार झाला की तो आधी संध्याकाळी दुकान झाडणाऱ्याच्या हाती द्या. एक ओले फडके, एक पाना आणि दहा मिनिटे त्याला द्या. जिथे त्याचे बोट अडेल तिथे रचना बदला. मालकाला दाखवायचे ते त्यानंतर.