गृहकार्यशाळेतील करवतयंत्र : मेज व पात्याच्या कोनांची अचूक जुळणी

प्रस्तावना :

भिंतीवरील छायाचित्राच्या चौकटीकडे पाहताना सामान्य माणसाची दृष्टी छायाचित्रावर स्थिरावते. सुताराची दृष्टी मात्र चौथ्या कोपऱ्याकडे जाते. तीन कोपरे घट्ट मिटलेले आणि चौथ्यात फट, असा अनुभव घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्या बहुतेकांना येतो. ही फट भुसा व सरस यांच्या मिश्रणाने बुजविली जाते आणि दोष लाकडाच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो गणिताचा प्रश्न आहे. चौकटीस चार कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यास ४५ अंशांचे दोन काप, म्हणजे एकूण आठ काप लागतात. प्रत्येक काप केवळ पाव अंशाने, परंतु एकाच दिशेने चुकला, तर एकूण चूक दोन अंशांची होते. पट्टी ५० मिलिमीटर रुंद असल्यास तिरप्या सांध्याची लांबी सुमारे ७०.७ मिलिमीटर भरते आणि दोन अंशांमुळे त्यात जवळजवळ २.५ मिलिमीटरची फट पडते.

शालेय कोनमापकावर पाव अंश डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हा अधिक महागडा कोनमापक आणून हा प्रश्न सुटत नाही. चूक स्वतःच मोठी होऊन समोर येईल अशी पद्धत योजावी लागते. प्रस्तुत लेखात अशा काही पद्धतींचे व त्यांमागील तत्त्वांचे विवेचन केले आहे. येथे करवतयंत्र म्हणजे सपाट मेजाच्या फटीतून वर आलेले गोल पाते असलेले, ज्यास व्यवहारात टेबल सॉ म्हणतात ते यंत्र अभिप्रेत आहे.

समांतरता : अचूकतेपूर्वी सुरक्षितता

मेजावर पात्याला समांतर अशी एक खोबण असते. लाकूड तिरपे वा काटकोनात धरणारा मायटर गेज या खोबणीतून सरकतो. पात्याच्या बाजूस फेन्स नावाची सरळ पट्टी असते. फळी उभी चिरताना ती तिच्या आधाराने पुढे ढकलली जाते. पाते, खोबण आणि फेन्स हे तीनही परस्परांस समांतर असणे ही पहिली अट होय.

ही अट केवळ सुबक कापासाठी नाही. २५० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटास ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग सेकंदास सुमारे ५२ मीटर, म्हणजे ताशी १८८ किलोमीटर होतो. पुढच्या बाजूचे दाते लाकूड मेजावर दाबतात, तर मागच्या बाजूचे दाते मेजातून वर उसळत असतात. फेन्सचे मागील टोक पात्याकडे किंचितही झुकलेले असेल, तर लाकूड फेन्स आणि मागचे दाते यांच्यामध्ये चेपले जाते, उचलले जाते आणि चालविणाऱ्याच्या अंगावर फेकले जाते. काही वर्षांपूर्वी प्लायवूडचा तळहाताएवढा तुकडा असाच उसळून प्रस्तुत लेखकाच्या पोटावर आदळला. काळानिळा वण पंधरवडाभर राहिला. नंतर मोजले तेव्हा फेन्सचे मागील टोक ०.८ मिलिमीटरने आत आढळले. यंत्र जुने वा सदोष नव्हते. ते तपासलेच गेले नव्हते.

तपासणीपूर्वी यंत्राचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पाते पूर्ण वर घेऊन त्याच्या एका दात्यावर खडूने खूण करावी. तो दाता पुढच्या बाजूस आणून खोबणीच्या कडेपासूनचे त्याचे अंतर मोजावे. मग पाते हाताने फिरवून तोच दाता मागे न्यावा व पुन्हा अंतर मोजावे. दोन्ही वेळा दाता तोच असल्याने पात्यातील वाक दोन्ही वाचनांत सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. प्रयोगशाळेत शून्यत्रुटी वगळताना आपण हेच करतो. डायल गेज असल्यास उत्तम. नसल्यास गेजला घट्ट बांधलेल्या लाकडी पट्टीत एक स्क्रू बसवून तो दात्यास जेमतेम स्पर्श करील असा फिरवावा आणि मागे कागदाची पट्टी सरकते का ते पाहावे. छपाईचा नेहमीचा ८० ग्रॅमचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. एका कागदाइतका फरक चालू शकतो, त्याहून अधिक नाही. फरक आढळल्यास यंत्राच्या रचनेनुसार मेजाचे किंवा पात्याच्या आधाराचे बोल्ट सैल करून जुळणी करावी. फेन्स त्यानंतर, खोबणीच्या मापाने जुळवावी. हा क्रम उलटा केल्यास सर्व श्रम पुन्हा करावे लागतात.

पाते आणि मेज यांमधील काटकोन :

पात्याला गुण्या लावून प्रकाशाची रेघ दिसते का हे पाहण्याची रीत सर्वपरिचित आहे. प्राथमिक जुळणीसाठी ती ठीक आहे; परंतु गुण्याच चुकीचा असेल तर ती निरुपयोगी ठरते. त्याहून विश्वसनीय रीत म्हणजे उलटापालट. सुमारे ७० मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडा समांतर असलेली फळी कडेवर उभी धरून गेजच्या आधाराने आडवी कापावी. त्यानंतर एक तुकडा खालची कड वर येईल असा उलटवून दोन्ही कापलेली टोके सरळ पट्टीलगत परस्परांस भिडवावीत. पाते काटकोनात असेल तर टोके पूर्ण मिटतील. नसेल तर वर किंवा खाली फट दिसेल आणि ती प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असेल. फटीत एक कागद जेमतेम शिरला, तर फटीचा कोन ०.०८ अंश व पात्याची चूक त्याच्या निम्मी, म्हणजे ०.०४ अंश होय. रद्दीतल्या कागदाने साधलेली ही सूक्ष्मता कोणत्याही कोनमापकास लाजविणारी आहे.

तुलनेसाठी ३–४–५ या प्राचीन रीतीचा विचार करता येईल. आयताच्या कर्णावरील चौरस हा दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे बौधायन शुल्बसूत्रात सांगितले आहे, आणि आजही इमारतीचा पाया आखताना गवंडी दोरीने हाच त्रिकोण मांडतो. पायाच्या आखणीस ती रीत उत्कृष्ट आहे. परंतु ३००, ४०० व ५०० मिलिमीटरच्या त्रिकोणात कर्ण मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तरी काटकोन ०.१२ अंशाने चुकतो. चौकटीच्या कामास ही चूक जड जाते.

पाच कापांची पद्धत :

मायटर गेज पात्याशी नेमका काटकोन करतो की नाही, हे ठरविण्यासाठी ही पद्धत सर्वांत प्रभावी आहे. सुमारे ३५० मिलिमीटर बाजूचा प्लायवूड वा एमडीएफचा तुकडा घ्यावा आणि एक कड कापावी. कापलेली कड गेजला टेकवून दुसरी, तिला टेकवून तिसरी, तिला टेकवून चौथी कड कापावी. पाचवा काप पुन्हा पहिल्याच कडेवर घेऊन सुमारे २० मिलिमीटर रुंदीची पट्टी वेगळी करावी व तिची दोन्ही टोके व्हर्नियर कॅलिपरने मोजावीत.

गेजमध्ये काटकोनापेक्षा अल्पशी चूक असेल, तर ती प्रत्येक कोपऱ्यात उतरते. परंतु चौकोनाच्या आंतरकोनांची बेरीज ३६० अंशच असावी लागते. चारही कोपरे सारखेच चुकलेले असू शकत नाहीत. त्यामुळे पाचवा काप पहिल्या कडेशी समांतर राहत नाही, तर चौपट चुकीने तिरपा जातो आणि वेगळी झालेली पट्टी पाचरीच्या आकाराची होते. समजा, ३०० मिलिमीटर लांबीच्या पट्टीची टोके २०.६२ व २०.१८ मिलिमीटर भरली. फरक ०.४४, त्यास चाराने भागता ३०० मिलिमीटरमागे ०.११ मिलिमीटर, म्हणजे ०.०२ अंश. गेजच्या फळीचे टोक फिरकीच्या बिंदूपासून ४५० मिलिमीटरवर असेल, तर ते ०.१७ मिलिमीटर सरकवावे लागेल. कोणत्या दिशेने, याचा नियम पाठ करण्यापेक्षा एकदा सरकवून पुन्हा पाच काप घेणे सोपे. फरक वाढला तर दिशा चुकली.

पंचेचाळीस अंश :

चौकटीसाठी गेज तिरपा होतो, तर पेटीच्या कोपऱ्यांसाठी पातेच कलते. पाते कलविताना खिट्टीच्या आधारस्क्रूवर भुसा साचलेला नाही ना, हे आधी पाहावे; पुष्कळ ‘चुका’ तेथेच निघून जातात. काटकोनात समांतर असलेले पाते कलविल्यावर समांतर राहीलच असे नाही. मेजाचे पृष्ठ कलण्याच्या अक्षाशी समांतर नसेल, तर फरक पडतो. पाते मेजास टांगलेल्या यंत्रांत आधाराच्या एका टोकाखाली पातळ पत्रा घालून तो दूर करता येतो.

चौकटीसाठी मात्र ४५ अंशांचा हट्टच सोडून देणे शहाणपणाचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खोबणीतून सरकणाऱ्या एका फळकुटावर दोन पट्ट्या परस्परांशी नेमक्या काटकोनात ठोकाव्यात आणि प्रत्येक कोपऱ्याचा एक काप डाव्या व दुसरा उजव्या पट्टीवर घ्यावा. एक ४५.३ अंशांचा झाला तर दुसरा ४४.७ चा होईल. बेरीज ९० च राहील. मात्र समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी तंतोतंत सारखी हवी. त्यासाठी अडणीचा ठोकळा लावावा. कोन बिनचूक असूनही चौकट न मिटण्याचे हे उपेक्षित कारण आहे.

लाकूड आणि ऋतुमान :

सूक्ष्मता किती ताणावी यास लाकूडच मर्यादा घालते. लाकूड दमटपणात आडवे फुगते, लांबीत जवळजवळ मुळीच नाही. पट्टीची रुंदी एक टक्का वाढली, तर ४५ अंशांचा काप आपोआप ४५.२८ अंशांचा होतो. म्हणजे यंत्रातील ०.०२ अंशाच्या चुकीपेक्षा चौदापट फरक एकटा पावसाळा करू शकतो. रत्नागिरीत श्रावणात जुळविलेली चौकट सोलापुरात वैशाखात आतल्या कोपऱ्यास उघडते. सोलापूरची चौकट कोकणात बाहेरच्या कोपऱ्यास उघडते. म्हणून लाकूड ज्या खोलीत टांगायचे तेथे काही आठवडे ठेवून मगच कापावे, आणि कोनांच्या बाबतीत ०.०५ अंशापाशी थांबावे. फेन्सच्या समांतरतेस ही सवलत लागू नाही. ती दर महिन्यास आणि यंत्र जागचे हलविल्यास प्रत्येक वेळी तपासावी.