निलंग्याकडचे लोक ‘करूलालाव’ का म्हणतात?

निलंग्याच्या बसस्टँडवर ओळखीचा माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, ‘काय करूलालाव?’ कुणी ‘करलालाव’ म्हणतं. नांदेड-परभणीकडे मित्र मित्राला विचारतो, ‘काय करायलास?’ अर्थ एकच: काय चाललंय, काय करताय?

याच निलंग्याचा पोरगा पुण्यात शिकायला जातो आणि वर्गात असं बोलतो, तेव्हा मागच्या बाकावर हसू फुटतं. मग तो जपून बोलतो, घरचा फोन आला तर खोलीबाहेर जाऊन घेतो. हसणाऱ्यांना वाटतं, हे अशुद्ध मराठी आहे.

पण या शब्दाची फोड करून बघा. ‘करू लागलाव’ भरभर म्हणा. मधला ‘ग’ गळतो आणि ‘करूलालाव’ उरतं. ‘करायला लागलास’ आवळलं की ‘करायलास’ होतं. प्रमाण मराठीत ‘करू लागला’ म्हणजे सुरुवात केली. इथल्या बोलीत अर्थ एक पाऊल पुढे गेला: सुरू केलं आणि अजून चालू आहे. ‘करतो आहे’ आवळून ‘करतोय’ झालं, त्याला मात्र कुणी हसत नाही.

गंमत पुढे आहे. निलंग्याला लागूनच कर्नाटकचा बीदर जिल्हा आहे. हैदराबाद राज्यात निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. नकाशावर रेघ पडली, पण बाजार, सोयरिकी आणि जत्रा दोन्हीकडच्या राहिल्या.

आता उत्तर कर्नाटकातली बोलीतली कानडी ऐका: ‘एन माडाकत्ती?’ यात ‘माडु’ म्हणजे करणे आणि ‘हत्तु’ म्हणजे लागणे. शब्दाला शब्द ठेवला तर ‘काय करायला लागलास?’ मराठी आर्य कुळातली, कानडी द्राविड कुळातली, तरी चालू काळ सांगायला दोघींनी ‘लागणे’च निवडलं.

शेजारी भाषांचं असं होतं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडबद्दल जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये लिहिलेला अभ्यास जगभर शिकवला जातो. तिथल्या मराठी, कानडी आणि उर्दूचे शब्द वेगळे राहिले, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे वाक्याची ठेवण जवळजवळ एकच झाली होती.

म्हणजे ‘करूलालाव’ला नियम आहे, इतिहास आहे आणि शेजारही आहे. परीक्षेत ‘करत आहे’ लिहावंच लागेल, सगळ्यांना कळावं म्हणून ती सोय आहे. पण आईला फोन लावल्यावर ‘काय करूलालीस?’ विचारायला त्या पोराला खोलीबाहेर जायची गरज नाही.