गावाचे ग्रंथालय (लेखांक सहावा): तीन खिसे आणि एक पेटी

गेल्या आठवड्यात आपण १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाची चौकट पाहिली. ग्रंथालयाचा वर्ग, त्याची मान्यता आणि वर्षातून दोन हप्त्यांत येणारे परिरक्षण अनुदान कसे चालते ते त्यात आले. आज त्या चौकटीत वर्धा जिल्हा ठेवून पाहू. हा आठ तालुक्यांचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या तेरा लाख होती आणि दर शंभरांत सुमारे अकरा माणसे अनुसूचित जमातींची, त्यांत गोंड आणि कोलाम. या जिल्ह्यात ग्रंथालयांसाठी पैसा नाही असे सरसकट म्हटले जाते, ते मला पटत नाही. पैसा आहे, पण तो तीन खात्यांच्या तीन खिशांत आहे. सार्वजनिक ग्रंथालये उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे, शाळांची पुस्तके शालेय शिक्षण विभागाकडे आणि आश्रमशाळा व वस्त्या आदिवासी विकास विभागाकडे. यांतल्या कोणत्याही एका खिशातून गोंडांच्या वस्तीपर्यंत किंवा कोलामांच्या पोडापर्यंत पुस्तक पोचण्याइतके निघत नाही. हे तिन्ही पैसे एका कामाला लावता येतील अशी एकच जागा मला दिसते. ती म्हणजे मोठ्या गावात किंवा तालुक्याला आधीपासून मान्यता घेऊन चालणारे सार्वजनिक ग्रंथालय.

पहिला खिसा उघडून पाहू. खेड्यातली बहुतेक लहान ग्रंथालये ‘ड’ वर्गात असतात. २०१२ पासून अशा ग्रंथालयाला वर्षाला ३०,००० रुपये मिळत होते. पुढे दहा वर्षांनी अनुदानात ६० टक्के वाढ झाली आणि ही रक्कम ४८,००० वर गेली. वाढ मोठी वाटते, पण आकडे कागदावर मांडले की चित्र बदलते. अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी आणि निम्मा वेतनेतर खर्चासाठी. म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला २,००० रुपये पडतात. उरलेल्या २४,००० मध्ये रोज पाच रुपयांची चार वृत्तपत्रे घेतली तर सात हजारांवर रक्कम तिथेच संपते. मग नियतकालिके, विजेचे बिल, लेखापरीक्षण, जागेचे भाडे. पुस्तकांना उरते ते वर्षाकाठी काही डझन प्रतींपुरते. बरे, एवढ्यासाठीसुद्धा ग्रंथालय आधीच मान्यताप्राप्त असावे लागते. २०१२ साली महसूल यंत्रणेकडून राज्यभर पडताळणी झाली आणि त्यानंतर कितीतरी वर्षे नवी मान्यता आणि वर्गोन्नती थांबलेली राहिली. ज्या वस्तीत त्या वेळी ग्रंथालय नव्हते तिथल्या मुलांचे आख्खे शालेय वय त्या थांबण्यात गेले. अनुदानाची ही रचना ‘आहे त्याला टिकवा’ या तत्त्वावर उभी आहे. ‘नाही तिथे उभे करा’ हे काम तिने अंगावर घेतलेलेच नाही.

शाळेच्या खिशाबद्दल थोडक्यात. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे, आणि लहान प्राथमिक शाळा त्यातल्या खालच्या टोकाला येते. द्विशिक्षकी शाळेला मिळणारी पुस्तके कपाटात जातात. शिक्षकांवर इतर कामांचा इतका बोजा असतो की कपाटाची किल्ली हाताशी राहत नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की कपाट बंदच, आणि मुलांना वाचायला मोकळा वेळ असतो तो नेमका तेव्हा.

आदिवासी वस्त्यांबाबत वर्ध्याची अडचण वेगळी आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. शेजारचे यवतमाळ, चंद्रपूर आणि अमरावती त्या यादीत आहेत, वर्धा नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू होत नाही. राज्याने २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी ५ टक्के रक्कम अबंध निधी म्हणून पेसा ग्रामपंचायतींना थेट द्यायचे ठरवले, तीही इथे येत नाही. नदीपलीकडच्या पेसा गावाची ग्रामसभा आपल्या हातच्या निधीचा विचार करताना पुस्तकांचा विषय काढू शकते. अलीकडच्या पोडाला तसा पैसाच नाही. कोलाम मुलाच्या घरी कोलामी बोलली जाते, ती द्रविड कुळातली भाषा आहे. मराठी छापील अक्षराशी त्याची गाठ पहिल्यांदा शाळेत पडते, तीही क्रमिक पुस्तकातून. पाठ म्हणून दाखवायचे नाही, त्यावर कोणी प्रश्न विचारणार नाही, असे पुस्तक त्याच्या हातात कधी येणार, हा माझ्या लेखी या सगळ्या हिशेबातला सर्वांत मोठा प्रश्न आहे.

इथे चौथा मार्ग कामाला येतो. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ साली स्थापन झाले. त्याच्या योजना दोन प्रकारच्या आहेत. समान निधी योजनेत राज्य आणि प्रतिष्ठान दोघेही पैसे घालतात. असमान निधी योजनेत प्रतिष्ठान स्वतःच्या निधीतून अर्थसाहाय्य देते. बाल कोपरा, ज्ञान कोपरा, इमारतीचे बांधकाम व विस्तार, पन्नास-पंचाहत्तर-शंभर वर्षे पूर्ण केलेल्या ग्रंथालयांचा महोत्सव, अशा कामांचे प्रस्ताव ग्रंथालय संचालनालय परिपत्रक काढून मागवते, आणि ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यामार्फत जातात. प्रस्ताव इंग्रजीत किंवा हिंदीत, चार प्रतींत, लेखापरीक्षण अहवालांसह द्यायचा असतो. महिन्याला २,००० रुपयांवर काम करणाऱ्या ग्रंथपालाकडून ही अपेक्षा आहे. म्हणून हे प्रस्ताव जिल्ह्यातल्या मोठ्या ग्रंथालयांनी लहानांसाठी लिहून द्यावेत. वर्ध्याच्या सत्यनारायण बजाज जिल्हा सार्वजनिक ग्रंथालयासारख्या संस्थेचे बळ अशा कामी वळले, तर एकाच मसुद्यावर तालुक्यातल्या पाच-सहा ग्रंथालयांचे प्रस्ताव उभे राहतील.

या मार्गाने आलेली बालपुस्तके मात्र कोपऱ्यात ठेवून चालणार नाहीत, ती पेटीत घालून फिरवायला हवीत. ही कल्पना नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला आणले आणि संस्थानातल्या खेड्यांत फिरत्या ग्रंथपेट्या सुरू झाल्या. आजही त्याला लागते ते इतकेच: कुलूप लावता येईल अशी एक पत्र्याची पेटी, आत चाळीस-पन्नास पुस्तके, झाकणाला आतून चिकटवलेली यादी आणि सुतळीने बांधलेली एक दोनशेपानी वही. दीड महिन्याने पेटी पुढच्या वस्तीवर जाते आणि मागची इथे येते. शाळेने आपल्या अनुदानातून घेतलेली पुस्तके याच फेऱ्यात सोडावीत. नियमित योजनांत न बसणाऱ्या लहान गरजांसाठी आदिवासी विकासाच्या प्रकल्प अधिकाऱ्याकडे न्यूक्लिअस बजेट असते. पेट्या आणि वाहतुकीची मागणी तिथे करता येईल. पोडावर पेटी सांभाळायला नववी-दहावीत शिकणारी एखादी मुलगी नेमली, तर तिला द्यायच्या लहानशा मानधनासाठीही तिथेच अर्ज करावा.

यावर पहिला आक्षेप लेखापरीक्षणाचा येईल. एका खात्याच्या पैशाचे पुस्तक दुसऱ्या खात्याच्या शाळेत ठेवले आणि हरवले, तर वसुली कोणाकडून? आक्षेप खोटा नाही, पण त्याला सोपे उत्तर आहे. पुस्तक ज्याच्या दाखल नोंदवहीत चढले त्याचेच राहते. शाळेने सार्वजनिक ग्रंथालयाचे संस्था-सभासदत्व घ्यायचे आणि पेटीची नोंद देवघेवीत करायची. सभासदाला पुस्तक देणे हे तर ग्रंथालयाचे मूळ काम आहे. शाळेच्या पुस्तकांसाठी उलट दिशेने तशीच पोच ठेवावी. काही पुस्तके फाटतील, काही परत येणार नाहीत. कपाटात राहून कोरी राहिलेली पुस्तके आणि वापरून फाटलेली पुस्तके यांत तोटा कशात आहे, हे ग्रंथालय समितीने मोकळ्या मनाने ठरवावे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. २०१२ च्या पडताळणीत कित्येक ग्रंथालये कागदावरच असल्याचे दिसले, मग अशा व्यवस्थेत आणखी पैसा कशाला ओतायचा? ज्यांनी प्रामाणिकपणे ग्रंथालये चालवली त्यांना हा प्रश्न फार लागतो. तरीही मला तो टाळावासा वाटत नाही. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या आणि वृत्तपत्रांची संख्या मोजणारी तपासणी असली की आकडे भरणारे निपजतात, कारण नोंदवहीतला सभासद साक्ष द्यायला येत नाही. पेटी शाळेत जायला लागली की मुख्याध्यापकाची पोच, मुलांच्या सह्या आणि गावाची नजर अशा तीन साक्षी आपोआप तयार होतात. बोगसपणाचा खरा आक्षेप असणाऱ्यांनी पेटीला विरोध करण्याऐवजी तिची मागणी करायला हवी.

‘मोबाइलच्या काळात पुस्तक कोण वाचतो’ हेही ऐकू येते. तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांतल्या खुर्च्या सकाळपासून भरलेल्या असतात, हे त्याला पुरेसे उत्तर आहे. पैशाचा आणखी एक मार्ग म्हणजे उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी, आणि त्याबद्दल आशा ठेवायला कारण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालये उभारणे हे काम नावानिशी आहे. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. हा निधी घेणाऱ्या संस्थेकडे आयकर खात्याची १२-ए आणि ८०-जी नोंदणी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर-१ क्रमांक लागतो, आणि बऱ्याच लहान ग्रंथालयांकडे धर्मादाय आयुक्तांच्या नोंदणीपलीकडे काहीच नसते. ती कागदपत्रे क्रमाने कशी करायची ते पुढच्या लेखांकात पाहू. तोवर ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला एक काम करता येईल. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर गावाजवळच्या तीन वस्त्यांची आणि तिथल्या शाळांची नावे घालावीत, त्यांना संस्था-सभासद करून घेण्याचा ठराव मांडावा आणि त्याची प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि प्रकल्प अधिकारी या तिघांनाही एकाच दिवशी पाठवावी.