खोपोलीचा पाइप वक्र आहे का?

खोपोलीत डोंगरावरून टाटांच्या वीजकेंद्राकडे उतरणारे जाड पाइप खालापूर तालुक्याच्या ओळखीचे आहेत. त्या पाइपाचा पृष्ठभाग वक्र आहे का, असे विचारले तर बहुतेक जण हो म्हणतील. व्यापक सापेक्षतेच्या गणितात उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि टेन्सर शिकू पाहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, असे मला मनापासून वाटते.

कागद पाइपाभोवती गुंडाळला तर एकही सुरकुती पडत नाही. कागदावर आधी काढलेल्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंशच राहते. संत्र्याची साल मात्र टेबलावर सपाट दाबली की फाटते. आइनस्टाइनला हवी होती ती ही सालीची वक्रता, जी पृष्ठभागावरच राहून, तिथल्या तिथे मापे घेऊन कळते. म्हणून ‘अवकाश वाकते, म्हणजे ते आणखी कशात तरी वाकत असणार’ हा समज सोडून द्यावा. बाहेरची जागा लागतच नाही.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: टेन्सर म्हणजे संख्यांचा चौकोनी तक्ता. खालापूरहून एक अक्षांश उत्तरेला गेलात तर सुमारे 111 किलोमीटर जाता, एक रेखांश पूर्वेला गेलात तर सुमारे 105. नुसत्या अंशांवरून अंतर कळत नाही, अंशांचे किलोमीटर करणारा नियम हाताशी हवा. तो नियम म्हणजे मेट्रिक टेन्सर. नकाशावरच्या रेघा तिरक्या आखल्या तर तक्त्यातले आकडे बदलतील, पण खालापूर ते कर्जत अंतर तसूभरही बदलणार नाही. आकडे ठरावीक रीतीने बदलतात म्हणूनच अंतर टिकते. ती रीत पाळणे हे टेन्सरचे खरे लक्षण, तक्ता हे फक्त त्याचे लेखन.

याचा पुरावा मेट्रिक जागोजागी कशी बदलते त्यावरून काढल्या जाणाऱ्या ख्रिस्तोफेल चिन्हांत मिळतो. त्यांनाही वर-खाली तीन अक्षरे जोडलेली असतात, पण ती टेन्सर नव्हेत. सपाट कागदावर चौकटीचे निर्देशक घेतले तर ती सगळी शून्य येतात. त्याच कागदावर ध्रुवीय निर्देशक घेतले की त्यातली काही शून्य उरत नाहीत. टेन्सर असा वागत नाही: एका नकाशात तो पूर्ण शून्य असेल तर सगळ्या नकाशांत शून्यच. विद्यार्थी सर्वांत जास्त इथे अडतात, आणि इथे घाई करू नये.

‘हे उपजत बुद्धीच्या माणसांचे काम’ असेही ऐकू येते. आइनस्टाइनलाही हे गणित येत नव्हते. 1912मध्ये झुरिकला त्याने मित्र मार्सेल ग्रॉसमन याची मदत घेतली. रिची आणि लेव्ही-चिव्हिता या गणितज्ञांनी 1900मध्ये मांडलेले तंत्र तो शिकला. 1913मध्ये त्याने आणि ग्रॉसमनने लिहिलेल्या निबंधातली गुरुत्वाकर्षणाची समीकरणे चुकली होती. बरोबर समीकरणे हाती आली 25 नोव्हेंबर 1915ला. खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले तेही त्याच वर्षी.

हा विषय आपल्याकडचा नाही, हेही खरे नाही. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर 1932पासून बनारसला सापेक्षता शिकवत आणि तिच्यावर संशोधन करत. त्यांच्याकडे काम करणाऱ्या प्र. चु. वैद्यांनी 1943मध्ये प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्यासाठी आइनस्टाइनच्या समीकरणांची उकल काढली. ती आज वैद्य मेट्रिक या नावाने जगभर वापरली जाते. नारळीकरांचे पुत्र जयंतराव पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक झाले.

उरला चार मितींचा धाक. चार मितींत वक्रता सांगायला प्रत्येक बिंदूपाशी 20 स्वतंत्र संख्या लागतात, तीन मितींत 6, दोन मितींत फक्त 1. म्हणून वही घेऊन आधी दोन मितींत पाइप आणि गोल यांची मेट्रिक लिहावी, ख्रिस्तोफेल चिन्हे हाताने काढावीत, मग वक्रता. पाइपासाठी शून्य येते. गोलासाठी त्रिज्येच्या वर्गाने 1ला भागल्यावर येणारी संख्या मिळते, म्हणजे त्रिज्या दुप्पट केली की वक्रता चौथाई.