बाबांच्या स्कूटरला एक रविवार द्या!

भिलाईच्या सेक्टर 2 मधील क्वार्टर. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाबांची बजाज चेतक अंगणात धूळ खात उभी. मुलगा म्हणतो, "भंगारात देऊ या." बाबा गप्प! 1972 साली बाजारात आलेल्या या स्कूटरसाठी लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली होती, हे मुलाला कसे कळावे?

निर्णय घेण्याआधी एक रविवार तिला द्या. मात्र घाईने किक मारू नका. आधी जुने पेट्रोल काढून टाकीतला गंज पाहा. कार्बोरेटरचा जेट स्वच्छ करा. त्या इवल्याशा छिद्रात साचलेला चिकट थरच बहुधा खरा गुन्हेगार असतो. प्लग काढून त्या जागेतून थोडे टू-टी ऑइल सोडा आणि किक हाताने हळूहळू दाबा, म्हणजे सुकलेला पिस्टन ओरखडणार नाही. पेट्रोल दूर ठेवून, नवा प्लग इंजिनाला टेकवून ठिणगी तपासा.

नव्या पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिलिलिटर ऑइल मिसळायला विसरू नका. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलमधूनच. ऑइल नसेल तर पिस्टन जाम होतो.

इंजिन सुरू झाले तरी रस्त्यावर नेण्याआधी ब्रेक, केबल आणि टायर मेकॅनिककडून तपासून घ्या. पंधरा वर्षे उलटली असतील तर नोंदणीचे नूतनीकरणही हवेच.

पहिल्या धुराच्या लोटात बाबा हळूच सीट पुसू लागले, तर भंगाराचा विषय पुन्हा काढू नका.