७८६ ची नोट आणि नानीचा बटवा

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. अंधेरीला आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका खालांना फोन आला. “तुमच्याकडे ७८६ नंबरची वीसची नोट आहे ना? आमची पार्टी तीन लाख देते.” नोटेचा फोटो खालांच्या मुलानं कुठल्याशा साइटवर टाकला होता. आधी नोंदणीचे साडेपाचशे मागितले, मग कर, मग ‘सर्टिफिकेट’. रिझर्व्ह बँकेचं चिन्ह छापलेलं पत्रही मोबाईलवर आलं. अठरा हजार गेल्यावर फोन बंद झाला. नोट खालांच्या जुजदानात अजून तशीच आहे. झाल्या प्रकाराचा सल त्यांना पैशांहून जास्त आहे. घरात कुणी विषय काढला की त्या उठून आत जातात.

खाला भोळ्या म्हणून फसल्या असं मला वाटत नाही. हा धंदा आपल्या श्रद्धेचा अंदाज घेऊनच बेतलेला आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणतंही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीनं ते घ्यायला तिनं कुणालाही नेमलेलं नाही. हे एवढं घरात प्रत्येकाला सांगून ठेवावं. आणि थोडा हिशोब करावा. नोटेचा नंबर सहा आकडी असतो. शेवटचे तीन आकडे ७८६ असलेली नोट दर हजारात एक येतेच. शौकीन माणूस कोऱ्या करकरीत नोटेला चार पैसे जास्त देईलही, पण लाख कोण देणार? बरकत म्हणून ठेवायची तर ठेवा, विकायची घाई कशाला!

अशीच दुसरी वस्तू म्हणजे मक्का-मदिनेचं चित्र आणि ‘१४५०’ असा आकडा असलेलं ‘पुरातन नाणं’. हिजरी १४५० अजून उजाडायचं आहे. इसवी सन म्हणाल, तर त्या काळी इथल्या सुलतानांच्या नाण्यांवर हिजरी सन असे. म्हणजे ते नाणं नव्हेच, नुसतं टोकन.

पण ज्या मोबाईलनं खालांना लुटलं, त्याच मोबाईलनं आमच्या नानीला भलतंच सुख दिलं. तिच्या बटव्यात एक चांदीचं नाणं होतं, तिच्या सासूकडून आलेलं. एका दुकानदारानं पूर्वी ते “मोगली आहे, पण झिजलंय” म्हणून चांदीच्या भावात मागितलं होतं. यंदा भाच्यानं त्याचा फोटो काढून मोठा केला. नानीची शाळा उर्दूतली. चष्मा लावून ती एकेक शब्द लावू लागली: शाह आलम, बादशाह, १२१५, मागे जर्ब सूरत, सन ४६ जुलूस. भाच्यानं इंटरनेटवरच्या सूचीत तसंच नाणं शोधून काढलं. कंपनी सरकारनं नाव मोगल बादशहाचं, टांकसाळ सुरतेची, जुलूसी वर्ष कायम ४६ असं ठेवून मुंबईतच पाडलेला हा रुपया! १८३५ मध्ये कंपनीनं सगळीकडे एकसारखा रुपया आणला, त्याच्या आधीचा. वीस वर्षांपूर्वी हे कळायला जाडजूड इंग्रजी ग्रंथ लागत, नाहीतर दुकानदाराचा शब्द प्रमाण. आता लिलावांचे फोटो आणि भाव घरबसल्या दिसतात, आणि उर्दू वाचणारी घरातली म्हातारी माणसं या कामात तरुणांच्या पुढे असतात.

नकली मालही तितकाच वाढलाय, आणि ओतीव नकला फोटोत छान दिसतात. म्हणून छोटा डिजिटल काटा घ्यावा. राणीच्या छापाचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. झिजून थोडा कमी भरेल, दोन-तीन ग्रॅमचा फरक नको. कडेला जोडाची रेघ दिसली, लोहचुंबकाला चिकटला, की समजावं. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, हेही ध्यानात असू द्या. चिंच, राख, पितांबरी यांपासून नाणं दूर ठेवा. आमच्या अम्मीनं एक रुपया ईदच्या भांड्यांबरोबर घासून लखलखीत केला, तेव्हा भाचा रडायचाच बाकी होता. शंभर वर्षांपुढची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, ती दुबईच्या मामूंना भेट म्हणून पाठवू नयेत. चांदीची नाणी बरीच साठली असतील तर जकातीचं काय, ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

मुलांना खरी नाणी दाखवायची तर अंधेरीहून लोकल धरून चर्चगेटला उतरा. फोर्टात फिरोजशहा मेहता रोडवर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, सोमवारी बंद. आम्ही नानीला घेऊन गेलो. मोगल नाण्यांच्या कपाटापुढे ती बराच वेळ उभी राहून काचेआडची अक्षरं मोठ्यानं वाचत होती. बाजूच्या दोन शाळकरी मुली तिच्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, “आजी, हे पण वाचा ना.”

खालांना पुढच्या खेपेला नेणार आहोत. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.