मज्जारज्जूची इजा व नुकसानभरपाई (भारत)

मज्जारज्जू हा पाठीच्या कण्यातील पोकळीतून जाणारा चेतातंतूंचा जुडगा असून मेंदू आणि शरीर यांच्यातील संदेशांची ने-आण त्याच्यामार्फत होते. त्याला इजा झाल्यास इजेच्या पातळीखालील हालचाल व संवेदना अंशतः किंवा पूर्णतः नाहीशा होतात. इजा मानेच्या भागात असल्यास चारही अवयव लुळे पडतात. छातीच्या किंवा त्याखालच्या भागात असल्यास पाय निकामी होतात. पहिल्या प्रकारास चतुरंगघात, तर दुसऱ्यास अधरांगघात म्हणतात. वाहनांचे अपघात आणि उंचावरून पडणे ही या इजेची प्रमुख कारणे आहेत.

पूर्णपणे तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडणारा उपचार आज उपलब्ध नाही. शिवाय अंगघात हा केवळ हातापायांचा प्रश्न नसतो. मलमूत्रविसर्जनावरील ताबा जातो, मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होतो, आणि कूस बदलून देणारे कोणी नसल्यास शय्याव्रण होतात. म्हणून रुग्णालयाचे देयक हा खर्चाचा आरंभ ठरतो. खरा खर्च पुढे आयुष्यभर चालतो. भरपाई मात्र एकदाच ठरते. कायद्यापुढील मुख्य अडचण हीच आहे.

== दावा कोठे करावा ==

रस्ता अपघातातील जखमीस मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपघाताच्या ठिकाणाप्रमाणेच अर्जदार राहतो तेथील न्यायाधिकरणही अर्ज स्वीकारू शकते, ही अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी मोठीच सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी विलंब न करणेच हिताचे. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. आयुष्यभराच्या अंगघातासाठी ही रक्कम अगदीच तोकडी आहे.

कामावर असताना इजा झालेल्या कामगारास कामगार भरपाईच्या कायद्याचा किंवा कर्मचारी राज्य विमा योजनेचा आधार असतो. वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार ग्राहक आयोगाकडे करता येते.

== रक्कम कशी ठरते ==

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि कमाईची क्षमता घटल्याची टक्केवारी एकच, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात याचे स्पष्टीकरण केले आहे : डावा हात गमावलेल्या वाहनचालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण थांबू शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. त्यामुळे जखमी व्यक्ती पूर्वी कोणते काम करीत होती आणि आता कोणते करू शकते, हे तपासावे लागते. अंगघात झालेल्या गवंड्याचे किंवा शेतमजुराचे कमाईचे नुकसान प्रमाणपत्रावरील आकड्याहून जास्त ठरू शकते, ते यामुळेच.

समजा, स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या २४ वर्षांच्या तरुणाची मासिक कमाई १५,००० रुपये होती. भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवून ती २१,००० होते. वर्षाचे २,५२,००० रुपये. या वयासाठी गुणक १८ असल्याने, कमाईची क्षमता पूर्ण गेली असे मानल्यास ही रक्कम ४५,३६,००० रुपये होते. उपचार, वेदना व हिरावलेली जीवनसुखे यांची भरपाई याखेरीज धरली जाते.

परिचराचा खर्च हा या दाव्यांतील सर्वांत दुर्लक्षित भाग. पूर्वी त्यापोटी बहुधा ठोक रक्कम मिळे. २०२० मध्ये अपघाताने कायमची परावलंबी झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा खर्चही गुणक पद्धतीने मोजला. मासिक १०,००० रुपये धरल्यास गुणक १८ ने तो २१,६०,००० रुपये होतो. सेवा आई किंवा पत्नी करीत असेल, तर तिच्या श्रमांचा उल्लेख अर्जात राहूनच जातो. तो करणे आवश्यक आहे.

== एक महत्त्वाचा निकाल ==

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये १९९० साली अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्यावर छातीतील गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि त्याला अधरांगघात झाला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेली भरपाई त्यास अपुरी वाटली. सर्वोच्च न्यायालयात त्याने स्वतःची बाजू स्वतःच मांडली. १४ मे २००९ रोजी न्यायालयाने एक कोटी रुपये व त्यावर व्याज मंजूर केले. त्यात परिचारिका, भौतिकोपचार आणि वाहनचालक-परिचर यांचा पुढील ३० वर्षांचा खर्च धरलेला होता. शस्त्रक्रियेपासून या निकालापर्यंत अठरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.